कोळंबीच्या सालांची कंपनी: विद्यापीठाच्या इन्क्युबेटरसाठी पुण्याला जावं की रत्नागिरीतच राहावं?

सोडेवाली

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर सोड्यांची खिचडी घेऊन येते, आज जरा वेगळं विचारायचंय.

मी आणि माझी मैत्रीण, दोघी बायोटेकमध्ये एमएस्सी. तिच्या घरची रत्नागिरीत कोळंबी सोलायची शेड आहे. डोकं आणि साल मिळून कोळंबीच्या वजनाचा चाळीस-पन्नास टक्के भाग शेडमध्येच मागे राहतो. थोडा कुटीवाले (खाद्यासाठी मासळीचा चुरा करणारे) नेतात, बाकीच्याचं काय होतं ते बंदराकाठी राहणाऱ्यांना सांगायला नको. या सालांत कायटिन असतं, कायटिनपासून कायटोसान होतं आणि कायटोसानचा पातळ लेप फळावर दिला की फळ उशिरा सुकतं, बुरशीही कमी धरते. आमच्या डोक्यात अर्थातच हापूस आहे.

रूढ पद्धत अशी की साल आधी हायड्रोक्लोरिक आम्लात घालून त्यातला चुना काढायचा, मग कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात तापवून प्रथिनं काढायची. आम्ही ही दोन्ही कामं लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंकडून करून घेतोय. गूळ खाऊन ते आम्ल करतात, आम्लात चुना विरघळतो, प्रथिनं सुटी होतात, आणि ते पाणी ओतून न देता कोंबड्यांच्या किंवा माशांच्या खाद्यात वापरता येण्यासारखं असतं. बादलीत जमलंय.

पुण्यातल्या एका विद्यापीठाच्या इन्क्युबेटरने आमची निवड केलीय. सामायिक प्रयोगशाळेत जागा, उपकरणं, सल्लागार, बायरॅकच्या अनुदानाचा अर्ज लिहायला मदत. त्या बदल्यात सवलतीचं भाडं आणि कंपनीत ३ टक्के हिस्सा. घरचे म्हणतात जा, इथे काय ठेवलंय. मला वाटतं, इथे उपकरणं सोडून सगळं ठेवलंय. महिनाअखेर कळवायचंय. कुणाला अनुभव आहे का?

प्रयोगवही

अभिनंदन ताई. मी पुण्यातच आहे, आधी प्रयोगशाळेत आणि नंतर अशाच एका लहान कंपनीत नोकरी केली, त्यामुळे दोन्ही बाजू पाहिल्यात.

बायोटेकमधल्या नव्या कंपनीचं गणित सॉफ्टवेअरवाल्यांसारखं नसतं. त्यांना लॅपटॉप आणि वीज पुरते. तुम्हाला पहिल्याच वर्षी अशी उपकरणं लागतात जी एकदोनदाच वापरायची असतात पण विकत घ्यायची तर घर गहाण पडेल. तुमच्याच मालाचं बघा. कायटोसान चांगलं की वाईट हे ठरतं डीअ‍ॅसिटिलेशन किती झालंय (म्हणजे कायटिनचं कायटोसान किती झालंय) त्यावर, त्यासाठी एनएमआर किंवा निदान एफटीआयआर. रेणूभार किती, त्यासाठी स्निग्धता मोजायची. राख किती उरली, शिसं-पारा-कॅडमियम किती, त्यासाठी आयसीपी-एमएस. खाडीतल्या मालाला शेवटची चाचणी कुणीही गिऱ्हाईक मागणारच. इन्क्युबेटरचं खरं मोल इथे आहे. पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारातलं व्हेंचर सेंटर 2007 पासून हेच करतंय, म्हणजे ही कल्पना आता नवी राहिलेली नाही.

दुसरं, पैसा. बायरॅक ही केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने 2012 मध्ये काढलेली कंपनी. तिचं बिग अनुदान जास्तीत जास्त 50 लाखांचं, मुदत 18 महिने, साधारण जानेवारीत आणि जुलैत अर्ज मागवतात. हे अनुदान आहे, कर्ज नाही, हिस्साही मागत नाहीत. पण रक्कम टप्प्याटप्प्याने येते आणि प्रत्येक टप्प्याला ठरलेलं काम दाखवावं लागतं. आणि मुख्य म्हणजे कंपनी न काढता व्यक्ती म्हणून अर्ज करायचा तर मान्यताप्राप्त इन्क्युबेटरशी जोडलेलं असावं लागतं. कंपनी असली तरी स्वतःची चालती प्रयोगशाळा नाहीतर इन्क्युबेटर, दोन्हीपैकी एक हवं. तुमच्या मैत्रिणीची शेड त्यांना प्रयोगशाळा म्हणून चालायची नाही.

तेव्हा जा. ३ टक्क्यांनी काही बिघडत नाही.

नळीतलंपाणी

इन्क्युबेटर, इन्क्युबेटर म्हणजे शेवटी रिबीन कापायची सोय. मी पाहिलेला सांगतो (नाव नको, उगाच भांडणं). काचेची दारं, रंगीत खुर्च्या, भिंतीवर इंग्रजीत सुविचार. आत ऑटोक्लेव्ह एक, तोही बंद, कारण दुरुस्तीवाल्याचं बिल कुणाच्या खात्यातून द्यायचं ते ठरेना. संध्याकाळी सहाला शिपाई कुलूप लावणार. जिवाणूंना सांगा म्हणावं, सहाच्या आत वाढा.

आणि असं काही कोकणात काढायचं म्हणत असाल तर 3 जून 2020 आठवा. निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडाकडे कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. उणे ऐंशीच्या फ्रीझरमधले नमुने कुठे ठेवले असते? जनरेटरला डिझेल आणायला रस्ता तरी होता का?

प्रयोगवही

@नळीतलंपाणी, कुलपाचा मुद्दा शंभर टक्के खरा. ताई, करार वाचताना भाडं आणि टक्के नंतर बघा, हे आधी विचारा: प्रयोगशाळा रात्री उघडी असते का, उपकरण चालवणारा माणूस पगारी आहे की पीएचडीचा विद्यार्थी उसना घेतात, आणि रासायनिक कचरा कोण उचलतो.

फ्रीझरचं म्हणाल तर यांना तो लागेलच कशाला? जिवाणू सुकवून कुपीत ठेवता येतात, शिवाय एक संच पुण्यात ठेवला की झालं. कोकणात प्रयोगशाळाच नको हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

चौदाआणे

मी बागायतदार, पावसजवळ. शिक्षण बीएस्सी कृषी, दापोलीचं. लेपाबद्दल बोलतो, बाकी कंपन्यांचं तुम्ही बघा.

पहिली गोष्ट, हापूसवर उपाय आणला म्हणून कुणी आलं की आम्ही आधी विचारतो, साक्यावर चालतो का? तुमचा लेप चालणार नाही. साका आतून होतो. बंगळुरूच्या फलोत्पादन संशोधन संस्थेने जे शोधलं त्यानुसार कोय फळ झाडावर असतानाच रुजायच्या तयारीला लागते आणि भोवतीच्या गराची वाट लावते. त्यांनी त्यावर झाडावर असतानाच द्यायचं औषधही काढलंय. तोडल्यावर वरून काहीही फासलंत तरी आतला पांढरा, रबरासारखा गर तसाच राहणार. तेव्हा माहितीपत्रकात साक्याचा स उच्चारू नका, एका हंगामात नाव जाईल.

करपा आणि देठकुज यांवर मात्र तुमचं काम होऊ शकतं. करप्याची बुरशी बागेतूनच फळावर येते आणि पिकताना काळे डाग होऊन दिसते. देठकुज देठाकडून शिरते. म्हणून तर देठासकट फळ उतरवायला दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नूतन झेला काढला, देठ राहिला की चीकही फळावर ओघळत नाही. लेप द्यायचा तर तोडल्यावर, चीक निथळून फळ धुतल्यावर, आढीत घालायच्या आधी. म्हणजे माझ्या पॅकिंग शेडमध्ये, एप्रिलच्या उकाड्यात, जेव्हा चौघे गडी रात्री अकरापर्यंत पेट्या भरत असतात आणि वाशीची गाडी थांबलेली असते. त्या वेळी तुमचं द्रावण ढवळत बसायला कुणाला वेळ नाही. सुकायला किती मिनिटं लागतात, हा माझा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न गिऱ्हाईकाचा. मार्चमधल्या मालाला भाव असतो तो लवकर पिकून हातात पडतो म्हणून. तेव्हा पिकणं लांबवणारी वस्तू मी फुकट दिली तरी घेणार नाही. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात सगळीकडचा आंबा एकदम येतो, तेव्हा चार दिवस मिळाले तर हवेच आहेत. आणि बोटीने माल पाठवणाऱ्याला तर प्रत्येक दिवस मोलाचा. तुमचं गिऱ्हाईक तो आहे, मी नाही. त्यातही युरोपला जाणारा आंबा 48 अंशांच्या पाण्यात तासभर बुडवून काढावा लागतो, युरोपने 2014 मध्ये घातलेल्या बंदीनंतर हे आलं. तुमचा लेप त्यानंतर द्यावा लागेल, आधी दिलात तर त्या पाण्यातच राहील.

कातळावरचो

माका एक समाजना नाय. एका पेटयेमागे खर्च किती येतलो ता कोणीच इचारूक नाय. पन्नास लाखाचा गावला म्हणजे लेप फुकट होता काय? आमच्या देवगडात पेटयेमागे दोन रुपये वाढले तरी लोक चार दिवस बोलत रवतत.

सोडेवाली

@कातळावरचो, खरंय. कायटोसान द्रावणात एक-दीड टक्काच लागतं, त्यामुळे मालापेक्षा मजुरी आणि वाळवण्याचा वेळ यांचाच खर्च जास्त दिसतोय. पेटीमागचा आकडा आत्ता सांगितला तर तो हवेतला असेल.

@चौदाआणे काका, तुमचा प्रतिसाद मैत्रिणीने छापून शेडमध्ये लावलाय. बोटीच्या मालाचा विचार आम्ही केलाच नव्हता असं नाही, पण मार्चच्या भावाची बाजू अशी कुणी सांगितली नव्हती.

कलमबहाद्दर

वकील आहे, पेटंटचं काम करतो. वाचनमात्र होतो, पण वर एक गोष्ट दिसली म्हणून घाईने लिहितोय.

ताई, कोणता जिवाणू, गूळ किती, किती दिवस, किती तापमान हे इथे कुणी विचारलं तर उत्तर देऊ नका. आपल्याकडे पेटंटचा अर्ज दाखल होण्याआधी शोध जाहीर झाला की त्याचं नवेपण जातं. ठरावीक प्रदर्शनं किंवा विद्वत्सभेतले निबंध यांना बारा महिन्यांची सूट आहे, असल्या धाग्याला नाही. आधी तात्पुरतं विवरण दाखल करा, तारीख मिळेल. पूर्ण विवरण द्यायला बारा महिने मिळतात. मान्यताप्राप्त स्टार्टअपला आणि एकट्या व्यक्तीला शुल्क मोठ्या कंपनीच्या मानाने फारच कमी आहे.

पण पेटंट कशावर मागणार तेही बघा. खाडीतून जसाच्या तसा वेगळा केलेला जिवाणू हा आपल्या कायद्यात शोध धरला जात नाही, कलम 3 आडवं येतं. त्याच्याकडून काम करून घ्यायची तुमची विशिष्ट पद्धत मात्र धरली जाऊ शकते. त्यासाठी जिवाणू मान्यताप्राप्त संग्रहात जमा करावा लागेल. चंदीगडला एक आहे, पुण्यातही आहे.

आणि जैवविविधता कायदा, 2002. याचा विसर सगळ्यांना पडतो. इथला जैविक स्रोत धंद्यासाठी वापरायचा तर भारतीय कंपनीनेही राज्य जैवविविधता मंडळाला आधी कळवायचं असतं. आपलं मंडळ नागपूरला. पेटंटसाठी चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाकडे जावं लागतं ते वेगळंच. कोळंबीचा टाकाऊ माल यात कसा बसतो, यावर मंडळाकडून लेखी उत्तर घ्या. तोंडी "काही हरकत नाही" म्हणणारे साहेब बदलून जातात.

हा कायदा कोकणात अगदी निरुपयोगी आहे असं समजू नका. नरक्या आठवतो का? आंबोली-सावंतवाडीकडच्या जंगलातलं झाड, त्यात कॅम्पटोथेसिन असतं, कर्करोगाची औषधं त्यापासून करतात. ट्रकच्या ट्रक लाकूड चोरून गेलं, आणि ज्या गावांच्या हद्दीतून गेलं त्यांच्या वाट्याला कुऱ्हाड चालवल्याची मजुरी आली. जैवविविधता व्यवस्थापन समित्या आणि गावच्या नोंदवह्या आहेत त्या यासाठी. बहुतेक ग्रामपंचायतींत ती नोंदवही कपाटात आहे हा भाग वेगळा.

प्रयोगवही

वकीलसाहेब, एक राहिलं. विद्यापीठाचं उपकरण वापरलं म्हणून विद्यापीठ शोधावर हक्क सांगतं का?

कलमबहाद्दर

बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. काही ठिकाणी सांगतात. करारात "भरीव वापर" अशा अर्थाची ओळ असते आणि भरीव म्हणजे किती ते कुठेच लिहिलेलं नसतं. माझं मत, ३ टक्के द्या पण ती ओळ खोडून घ्या. पैसे देऊन चाचणी करून घेतली तर ती सेवा, त्यावर हक्क नाही, असं स्पष्ट लिहून घ्या. शिवाय सल्लागार प्राध्यापकांचं नाव संशोधक म्हणून आपोआप लागत नाही. त्यांनी खरंच काही शोधलं असेल तर लागतं, आणि मग लावलंच पाहिजे.

३ टक्क्यांबद्दलही एक. ते आजचे तीन की पुढे गुंतवणूकदार आला तरी तीनच राहणार? दुसरं असेल तर सही करू नका.

खाडीचीमावशी

मी मत्स्य खात्यातून निवृत्त. शिरगावच्या कॉलेजात बरीच वर्षं जाणं-येणं होतं. मुली, तुझं कौतुक आहे, पण थोडं टोचून बोलते, रागवू नको.

सालापासून कायटिन-कायटोसान करायचं तंत्र कोचीच्या सीआयएफटीने, म्हणजे केंद्राच्या मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने, कधीच बसवलंय. ते शुल्क घेऊन तंत्रज्ञान देतात, तिथेही इन्क्युबेशनची सोय आहे, आणि वाशीला त्यांचं केंद्र आहे. तेव्हा "आम्ही कायटोसान करतो" यात नवं काही नाही. तुझं नवं आहे ते आंबवण्यात. अर्जात पहिल्या पानावर तेच आलं पाहिजे, आंबा दुसऱ्या पानावर.

आता माल. तू पुण्याला गेलीस तर साल कसं नेणार? कोळंबीच्या डोक्यातच तिची पाचक द्रव्यं असतात. सोलून टोपलीत टाकलं की उन्हात तीन-चार तासांत ते स्वतःलाच खायला लागतं, वास सुटतो, काळं पडतं. बर्फात घालून एसटीच्या पार्सलात टाकशील, आंबा घाट चढेपर्यंत निम्मा बर्फ पाणी. फ्रीझरच्या गाडीने नेशील तर त्या सालाचा भाव कोळंबीएवढा होईल. आणि शिळ्या सालावर केलेला प्रयोग पुण्यात यशस्वी झाला तरी इथे ताज्यावर तो तसाच चालेल असं नाही. उलटही होईल. म्हणून आंबवणं इथेच, शेडच्या मागे, सोलल्या सोलल्या. एकदा आंबून आम्लता नीट आली की ते टिकतं, मग पिंप झाकून पुण्याला ने नाहीतर दिल्लीला.

कुटीवाल्यांना विसरू नको. आज साल फुकट आहे असं तुला वाटतं. तू नियमित उचलायला लागलीस की दुसऱ्याच आठवड्यात त्याला भाव येईल. शेडवाल्या बायकांशी आत्ताच बोलून ठेव, आणि साल वेगळं, डोकं वेगळं ठेवायचे किलोमागे काही पैसे त्यांच्या हातात पडतील असं बघ. वेगळं ठेवलेलं साल मिळालं तर तुझं अर्धं काम झालं.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. तेव्हा तुझ्या कारखान्याला दोन महिने माल नाही, हे बायरॅकच्या 18 महिन्यांच्या वेळापत्रकात आधीच मांड. तिथल्या परीक्षकांना ते आपण होऊन सुचणार नाही.

नळीतलंपाणी

मावशींचा प्रतिसाद वाचून माझा विरोध निम्म्याने कमी झाला. उरलेला निम्मा: मग विद्यापीठांनी इन्क्युबेटर जिल्ह्याच्या ठिकाणी रंगीत खुर्च्यांत कशाला बांधायचा? बंदरावर एक शेड, नळाचं पाणी, तीन फेजची वीज, सांडपाण्याची सोय आणि पीएच मोजणारा एक माणूस, एवढंच द्या की. उपकरणं पुण्यात आहेतच.

खाडीचीमावशी

बंदरावर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम, आहेत बाबा. भरतीरेषेपासून 500 मीटरच्या आत काय बांधायचं ते आधी बघावं लागतं. असलेल्या शेडमध्ये पिंपं ठेवणं वेगळं, नवीन बांधणं वेगळं. बाकी तुझं म्हणणं मला पटतं. आमच्या वेळी कुणी ऐकलं नाही.

पेशीपुराण

अवांतर, पण राहवत नाही. बायोकॉनची सुरुवात 1978 मध्ये बंगळुरूत एका गॅरेजमधून झाली, हे सगळ्यांना माहीत असतं. काय बनवत होते ते फार जणांना माहीत नसतं. पपईपासून पपेन, आणि माशाच्या फुग्यापासून आयसिंग्लास, जे बिअर नितळ करायला वापरतात. म्हणजे आपल्याकडे घोळ माशाचा बोत (तोच फुगा) लाखांत विकला गेला अशी बातमी येते ना, त्याच प्रकारचा कच्चा माल. किनाऱ्यावरच्या टाकाऊ वस्तूत बायोटेक नसतं असं म्हणणाऱ्यांना दाखवायला बरं.

विषयावर: कोकम, काजूचं बोंड, फणस यांच्याबद्दल कुणी काही करतंय का? काजूची बोंडं दरवर्षी झाडाखाली कुजतात. गोव्यात फेणी होते, आपल्याकडे नुसता वास येतो.

चौदाआणे

बोंडाला वेगळा धागा काढा. तो विषय निघाला की दारूबंदी, अबकारी खातं, गोवा, सगळे येतात आणि मूळ प्रश्न वाहून जातो.

सोडेवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस फोनाफोनी चालली होती, त्यातून कळलं ते लिहिते.

इन्क्युबेटरमध्ये जागा न घेता फक्त जोडलं जाण्याची सोय आहे. पत्ता, सल्लागार आणि उपकरणं वापरायचा हक्क मिळतो, प्रत्येक चाचणीचे पैसे वेगळे. हिस्सा कमी मागतात. ही सोय त्यांच्या माहितीपत्रकात होती, अगदी शेवटच्या पानावर. प्रयोगशाळा रात्री दहापर्यंत उघडी असते, एफटीआयआर चालवायला पगारी माणूस आहे, एनएमआर दुसऱ्या संस्थेत करून घेतात. हक्काची ती ओळ करारात होती. ती काढायला तयार आहेत, पण विद्यापीठाच्या समितीपुढे जावं लागेल.

तेव्हा सध्या असं ठरतंय: मैत्रीण शेडवर, पिंपं तिच्याकडे. मी दर महिन्यात थोडे दिवस पुण्यात नमुने घेऊन. तात्पुरतं विवरण या महिन्यात दाखल करतोय, बिगचा अर्ज त्यानंतर.

एक अडचण उरलीय. आंबवून कायटिन मिळतं, पण त्याचं कायटोसान करायला अजूनही चाळीस-पन्नास टक्क्यांच्या कॉस्टिकमध्ये तापवावं लागतं. जिवाणूंकडून किंवा विकरांनी (एन्झाइमांनी) करायचे प्रयत्न लोकांनी केलेत, पण ते आम्हाला आज परवडणारं नाही. शेडच्या मागे कॉस्टिक उकळायला माझं मन धजत नाही, आणि ते पाणी सोडायचं कुठे?

प्रयोगवही

धजूच नये. तेवढा टप्पा एमआयडीसीतल्या एखाद्या रसायनाच्या कारखान्यातून मजुरीवर करून घ्या. ज्याच्याकडे प्रदूषण मंडळाची संमती आणि चालणारं सांडपाणी शुद्धीकरण आहे असाच बघा, आणि संमतीपत्रावर तुमची प्रक्रिया बसते का ते त्यांना विचारा. सुकं कायटिन महिनोन्‌महिने टिकतं, साठवून एकदम द्या. कॉस्टिक पुन्हा वापरता येतं का तेही त्यांच्याशी बोला, खर्चाचा मोठा भाग तोच असतो.

कलमबहाद्दर

आणि त्यांच्याकडून गुप्ततेचा करार आधी, नमुना नंतर.

फळावरच्या लेपाबद्दल आणखी एक, मघाशी राहिलं. ताज्या फळावर चालणाऱ्या मेणांची नावं एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमात दिलेली आहेत: मधमाशांचं मेण, कार्नोबा मेण, लाखेचं मेण, आणि तसं लेबलवर लिहावंही लागतं. तुमची वस्तू त्या यादीबाहेरची धरली गेली तर विक्रीआधी परवानगी लागेल, आणि तिला वेळ लागतो. तोवर काय विकणार हे ठरवून ठेवा. झाडावर फवारायचं उत्पादन म्हणून विकायचं तर 2021 पासून जैव-उत्तेजकं खत नियंत्रण आदेशात आली आहेत, तिथे वेगळी नोंदणी आणि चाचण्या.

सोडेवाली

तोवर नुसतं कायटिन आणि कायटोसान पावडर, चाचणीच्या कागदासकट, दुसऱ्या कंपन्यांना. सांडपाण्यातला गाळ बसवायला ते वापरतात, तिथे आंब्याइतके नियम नाहीत. दोघा-तिघांनी नमुना मागितलाय. आंबा पुढच्या मोसमात, आणि तोही आधी फक्त प्रयोगापुरता, कुणाला खायला न देता.

खाडीचीमावशी

1 ऑगस्टला बंदी उठली तरी लगेच माल धरू नको. नारळी पौर्णिमेपर्यंत दर्या कसा असेल त्यावर आहे सगळं. तोवर पिंपं घासून, झाकणं नीट बसतात का बघून ठेवा. झाकण सैल असलं तर आंबवणाऱ्या जिवाणूंच्या आधी माश्या येतील.

कातळावरचो

पुढच्या मोसमात माझ्याकडसून चार पेटये घेवन जावा. चौदा आणे तयार झालेलो माल, एकाच झाडाचो, म्हणजे लेपाचो फरक कळात. पैशे नको. मात्र लेप लावलेले निम्मे आंबे माका परत होये. खावक नाय, आढीत घालून बघतलंय. आणि पेटयेमागे खर्च किती तो आकडो तेव्हा घेवन येवा.